मार्गशीर्षातला बर्फ

४ डिसेंबर, गुरुवार

सुमन पहाटे न्हाणीत पडली. आता दवाखान्यात आहोत, आमच्या मानवत गावातल्याच, कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला लागून असलेल्या. तिला सलाईन लावलं आहे. मी स्टुलावर बसून लिहितोय, कारण हात रिकामे ठेवून बसवत नाही.

आज मार्गशीर्षातला गुरुवार, त्यात दत्तजयंती. लक्ष्मीचा घट मांडायचा म्हणून ती अंधारातच उठली आणि हौदातलं गार पाणी डोक्यावरून घेतलं. पूजेआधी ऊन पाण्याची आंघोळ तिला चालत नाही. मी गोधडीत होतो. तांब्याचा आवाज येत होता, मग थांबला. जाऊन पाहिलं तर भिंतीला टेकून बसलेली. ओठ निळे, बोटांची टोकं निळी. उठवायला गेलो तर म्हणाली, "घट मांडायचा ऱ्हायलाय." मग लघवी झाली ती बिटाच्या पाण्यासारखी लाल.

पुतण्या गोपाळनं त्याच्या दुधाच्या पिकअपमधून इथे आणलं. वाटेत तिनं सांगितलं, गेल्या गुरुवारीही अशीच लाल झाली होती. शनिवारपर्यंत उतरली म्हणून बोलली नाही. हे ऐकल्यापासून माझं डोकं चालेना. गेल्या गुरुवारी पूजेच्या आधी मी नैवेद्याची दोन केळी खाल्ली होती. तिला माहीत नाही.

डॉक्टर मैत्रेयी म्हणून आहेत, तिशीच्या असतील. सुमनच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. म्हणाल्या, "काका, रक्त फार कमी आहे. हिमोग्लोबिन सहा. डोळेही पिवळे आहेत. रक्त आतल्या आत फुटतंय असं वाटतं. का फुटतंय ते शोधावं लागेल."

दूध फुटतं हे माहीत होतं. रक्त फुटतं हे आज ऐकलं.

घराला कुलूप लावलं, पण ओढून पाहिलं का ते आठवत नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

इथलं मशीन सुमनच्या रक्ताचे काहीच्या बाही आकडे दाखवतंय. म्हणून रक्ताच्या नळ्या परभणीला न्यायच्या ठरल्या. तिथल्या रक्तपेढीतून रक्तही आणायचं आहे, पण आधी तिचं रक्त त्यांच्या पिशवीतल्या रक्ताशी जुळवून बघतात म्हणे.

धम्मशीला सिस्टरनं नळ्या पाकिटात घालून गोपाळकडे दिल्या. त्यानं पाकीट शर्टाच्या खिशात टाकलं आणि वरून स्वेटर घातला. मला राहवलं नाही. मी दूध शीतकरण केंद्रात उमर काढली. सहावी नापास माणूस, हमाल म्हणून लागलो. पण पुढे साहेबांनी एक काम फक्त माझ्याकडे ठेवलं: दुधाच्या सॅम्पलच्या बाटल्या बर्फात बसवून परभणीला पोचवायच्या. वाटेत एसटी बंद पडली तरी माझी बाटली कधी नासली नाही. केंद्र बंद झालं, पण त्या बाटल्यांचा जाड थर्माकोलचा डबा माझ्याकडेच राहिला.

"अंगाच्या उबीत रगत नेतो का रे? पोचंपर्यंत नासंल ते."

"तात्या, पाऊण तासाचा तर रस्ता हाय."

"दूध तेवढ्यात फिरतंय."

घरी जाऊन डबा आणला. कुलूप लागलेलं होतं. या थंडीत बर्फ कुठं मिळेना. कुल्फीवाला बंद, सरबतवाला बंद. शेवटी मासळी बाजारात मिळाला. मी तो तीन पाण्यांनी धुतला, प्लास्टिकच्या पिशवीत बांधला आणि वर नळ्या ठेवल्या. सिस्टर म्हणाली, "वा काका, डबा भारी आहे." बर्फ कुठला ते तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सुमनला तर नाहीच. मार्गशीर्षात ती घरात कांदा येऊ देत नाही, आणि तिचं रक्त मासळीच्या बर्फावर. गोपाळलाही बजावून ठेवलं.

७ डिसेंबर, रविवार

नळ्या फुकट गेल्या. रक्ताच्या गुठळ्या झाल्या, काही तपासता येत नाही, नवीन पाठवा असा निरोप. रक्तगटसुद्धा लागेना. एका रीतीनं तपासला तर एबी दिसतो, दुसऱ्या रीतीनं ओ. मुलाच्या, बालाजीच्या, बाळंतपणात बी गट सांगितला होता. माणसाचा गट बदलतो का? चार पिशव्यांशी जुळवून पाहिलं, एकही जुळत नाही.

गोपाळला बोललो. "कुठं थांबला होतास? पेडगावला भजे खात बसला असशील."

"तात्या, च्यासुदीक पेलो न्हाई."

"मग डब्यातलं रगत काय आपसूक गोठलं?"

 पिकअपची चावी बोटात फिरवत तो निघून गेला. पन्नाशीला आलेला माणूस आहे, सिस्टरच्या समोर बोलायला नको होतं. पण कुणीतरी हलगर्जीपणा केला आहे हे नक्की.

८ डिसेंबर, सोमवार

दुसऱ्यांदा नळ्या भरल्या. या वेळी खाली बर्फ, वर बर्फ. झाकण लावण्याआधी गोपाळनं एक नळी उचलून उजेडात धरली.

"तात्या, हे बघा. काचंला दाणे चिकटायलेत. आत्ता तर पातळ होतं, बर्फावर ठेवलं की दह्यावानी व्हायलंय. बर्फ कमी करू का?"

"तू रगताचा डॉक्टर हायस का? बर्फ कमी पडायला म्हणूनच व्हायलंय ते."

आणखी दोन मुठी टाकल्या.

१० डिसेंबर, बुधवार

दुसऱ्या नळ्याही गेल्या. आज रक्त साडेपाच.

परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा सातावर आला असं पेपरात आहे. खोलीची खिडकी नीट लागत नाही. फटीतून वारा येतो आणि जिनिंगमधल्या कापसाचे तंतू येऊन जाळीला चिकटतात. दिवसभर त्या जाळीकडे बघत बसतो. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग दवाखान्याच्या दारापर्यंत आली आहे. उद्या हिला घेऊन निघायची वेळ आली तर गाडी काढायची कुठून, हे मी दोनदा विचारून आलो. वॉचमन म्हणाला, "निघायचं तवा बघू." तेव्हा बघून कसं चालेल.

११ डिसेंबर, गुरुवार

आज डॉक्टरांची बैठक झाली. सकाळी मैत्रेयीबाईंनी सांगितलं, "काही आजार एका डॉक्टरला उलगडत नाहीत. त्यासाठी आम्ही पाच जण दर गुरुवारी एकत्र बसतो, कॉम्प्युटरवर. आज काकूंचा विषय ठेवलाय."

 आमच्याकडे पाच माणसं बसतात ती भावाभावांच्या वाटणीला, नाहीतर नांदत नसलेल्या पोरीच्या भानगडीला. बैठक उठते तेव्हा काहीतरी तुटलेलं असतं.

लॅपटॉप खाटेजवळ ठेवला, म्हणजे त्यांना सुमन दिसावी. तिनं पदर डोक्यावर घेतला. पडद्यावर चार चौकोनांत चार माणसं. पुण्याचे रक्ताचे डॉक्टर श्रीनिधी, परभणीच्या रक्तपेढीच्या डॉक्टर प्रमोदिनी, एक हृदयाचे, एक किडनीचे. किडनीवाले म्हणाले, किडनी ठीक आहे, फुटलेलं रक्त लघवीतून येतंय. हृदयवाले म्हणाले, एवढ्याशा रक्तावर हृदय धापा टाकतंय, या अवस्थेत मोठा प्रवास नको. प्रमोदिनीबाई म्हणाल्या, न जुळणारं रक्त दिलं तर ते फुटताना अंगात आहे तेवढंही घेऊन जाईल, मी देणार नाही. श्रीनिधी म्हणाले, मला हाडाच्या आतला गर तपासावा लागेल, त्यासाठी पुण्याला आणा. नळ्या अशा गुठळ्यांच्या येत असतील तर मी काय वाचू?

एकमेकांशी ते भांडत नव्हते. प्रत्येक जण दुसऱ्याचं पुरतं ऐकून घेत होता. त्यानंच मला जास्त भीती वाटली.

मग श्रीनिधींनी मला विचारलं, "काका, सॅम्पल नेता कसं?"

सुमन माझ्याकडे बघायला लागली.

"नीट बांधून नेतो," मी म्हणालो.

"वेळ किती लागतो?"

"पाऊण तास."

"मग वेळेचा प्रश्न नाही," असं म्हणून त्यांनी ते लिहून घेतलं आणि पुढे गेले. मार्गशीर्षातला गुरुवार, ती उपाशी, तिच्या तोंडावर मी मासळीचं नाव कसं घेणार होतो? आणि बर्फात काय सांगण्यासारखं आहे? बर्फ तर घालतातच.

बैठक झाल्यावर तिनं विचारलं, "कशात बांधता वो?"

"डब्यात."

"कोणत्या?"

"दुधाच्या."

"मंग चोख असंल," असं म्हणून तिनं डोळे मिटले.

१३ डिसेंबर, शनिवार

बालाजीचा पुण्याहून फोन.

"बाबा, तिथं कामून ठेवलंय आईला? मी अँब्युलन्स पाठवायलो."

"हृदयाचे डॉक्टर न्हाई म्हणतेत. आधी रगत भरा म्हणतेत."

"मग भरा ना."

"जुळंना."

"कामून जुळंना?"

"ते पुण्याला आणल्याबिगर कळत न्हाई म्हणतेत."

"मग आणा की."

हेच बोलणं तीनदा झालं.  शेवटी नाक ओढल्यासारखा आवाज आला. विचारलं तर म्हणाला, रस्त्यावर आहे, गाड्यांचा आवाज आहे.

इथून बाहेर पडायला एकही दार नाही. दार दिसतं, पण ते दुसऱ्या दारातून गेल्याशिवाय उघडत नाही, आणि दुसरं पहिल्यातून गेल्याशिवाय. मी दिवसभर खाटेपासून जिन्यापर्यंत चालतो आणि परत येतो. सिस्टर म्हणाली, "काका, बसा की जरा. तुमच्याकडं बघून मलाच धाप लागायलीय."

१५ डिसेंबर, सोमवार

चार पॉइंट आठ.

सुमन तोंडानं श्वास घेते. सलाईन लावलेला हात दाखवून म्हणाली, "या हातातून गार पाट सोडल्यावानी वाटतंय. वर खांद्यापतोर चढतंय." मी सिस्टरला बोलावलं. ती म्हणाली, थंडीत सगळेच म्हणतात. मी पुन्हा बोलावलं. तिनं हातावर एक पांघरूण टाकलं.

दुपारी सुमननं मला जवळ बसवून सांगितलं, की अठराला शेवटचा गुरुवार, उद्यापन आहे, सात सवाष्णींना सांगून ठेवा. गोपाळच्या बायकोला पुरण येत नाही, तिला नुसतं वाटायला बसवा. पितळी समई माळ्यावर आहे. मी हो हो म्हणत होतो. मग ती म्हणाली, "मी नसले तरी जेवू घाला त्यांला. अर्ध्यात सोडू नका."

मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. तिथं एक बाई बाळाला घेऊन बसली होती. तिनं सरकून जागा दिली.

१६ डिसेंबर, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहून काढतो, कारण मलाच त्याचा अर्थ लागत नाही.

तिसऱ्या नळ्या भरल्या. गोपाळ म्हणाला, "तात्या, मी जात न्हाई. दोनदा तिथं तोंड पाडून घेतलं. तुमचंबी ऐकलं."

म्हणून मीच गेलो. नासवतं कोण ते मला बघायचंच होतं. डबा मांडीवर घेऊन एसटीत बसलो, कुणाला हात लावू दिला नाही. रक्तपेढीच्या खिडकीतून पोरगा म्हणाला, ठेवून जा. मी म्हणालो, न्हाई, माझ्या डोळ्यांदेखत उघडा. आवाज चढला माझा. तेव्हा प्रमोदिनीबाई स्वतः बाहेर आल्या. पांढऱ्या कोटावर तपकिरी स्वेटर. पडद्यावर दिसल्या त्यापेक्षा ठेंगण्या आहेत. त्यांनी झाकण उघडलं.

"बर्फ कुणी घातला?"

"मी. स्वतः. निघाल्यापासून एक मिनिट ऊब लागू दिली न्हाई. मागच्या दोन खेपांलाबी मीच भरून दिलं होतं."

मला वाटलं, आता कळेल त्यांना की चूक आमच्याकडून नाही. त्यांनी झाकण माझ्या हातात दिलं.

"गुरुवारी सरांनी विचारलं तेव्हा हे बोलला नाहीत."

"मासळीचा बर्फ हाय, बाई. घरची ऐकत होती, तिचं व्रत हाय. पण धुऊन घेतलाय, तीनदा."

त्यांनी नळी काढून उजेडात धरली. आत रवाळ तुपासारखे दाणे, पण लाल. मग त्यांनी एक अजब केलं. नळी मुठीत घेतली आणि हात काखेत दाबून धरला. तशाच उभ्या राहून मला विचारायला लागल्या. बोटं निळी पडतात का? पडतात, मागच्या हिवाळ्यातबी पडायची. आंघोळ गार पाण्यानं? मार्गशीर्षात गुरुवारी, हो. लघवी लाल कोणत्या दिवशी झाली? सांगितलं, दोन्हीदा गुरुवारी. मग केळ्यांचंही सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत.

काखेतून नळी काढली तर रक्त पातळ, सरळ वाहणारं. एक दाणा नाही. ती त्यांनी पुन्हा माझ्या बर्फात खोचली. थोड्या वेळानं काढली, तर दाणे. पुन्हा काखेत, पुन्हा पातळ. खिडकीतला पोरगा आला, लॅबमधले दोघं आले, सगळे त्या नळीवर वाकले. मी झाकण हातात धरून उभा. मला वाटलं, हे काय चाललंय, तिकडं माणूस मरायलंय आणि हे खेळायलेत.

त्यांनी पुण्याला फोन लावला. "सर, गारव्यात गोळा होतंय, उबेत सुटतंय. काका बर्फातून आणत होते." फोन स्पीकरवर होता. मग श्रीनिधी म्हणाले, "मैत्रेयीला लाईनवर घ्या. आधी तिथली खिडकी बंद करायला सांगा." पुढे तिघं भराभर इंग्रजीत बोलले.

मला त्यांनी बाकावर बसवून समजावलं. सुमनच्या अंगात असं काही तयार झालं आहे, की गारवा लागला की ते तिच्याच रक्ताच्या पेशींना एकमेकींना चिकटवतं आणि फोडतं. फार थोड्या लोकांना होतं, बहुतेक म्हातारपणी. म्हणून गट लागत नव्हता, म्हणून कुठलीच पिशवी जुळत नव्हती. सगळं उबेत तपासायला हवं होतं.

"म्हंजे मी नासवलं का?" मी विचारलं. पण त्यांचा फोन परत वाजला होता.

१७ डिसेंबर, बुधवार

सकाळी धम्मशीला सिस्टरनं नळ्या आधी कोमट पाण्यात ठेवल्या, मग रक्त घेतलं. गोपाळ आपण होऊन आला. नळ्या कोमट पाण्याच्या थर्मासमध्ये घालून घेऊन गेला. 

दुपारी प्रमोदिनीबाईंचा फोन आला. गट बी. एक पिशवी त्यातल्या त्यात बरी जुळते. पिशवीबरोबर त्यांनी रक्त गरम करत सोडायचं यंत्रही पाठवलं, इथे ते नव्हतं. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या, वरून पोतं ठोकलं. हीटर लावला. सुमनला पायमोजे, हातमोजे, कानटोपी. मैत्रेयीबाई खाटेपाशी, श्रीनिधी लॅपटॉपमध्ये. पिशवीतून अगदी सावकाश थेंब सोडले. हृदयवाल्यांनी वेग ठरवून दिला होता, किडनीवाल्यांनी लघवीचा रंग दर वेळी कळवायला सांगितला होता.  मी थेंब मोजत होतो, मग आकडा चुकला, मग देवाचं नाव घ्यायला लागलो, तेही चुकलं.

"ताप नाही, थंडी वाजत नाही," मैत्रेयीबाई म्हणाल्या.

"थंडी कशी वाजंल," सुमन कानटोपीतून म्हणाली, "उकडून मारायलाव की मला."

१८ डिसेंबर, गुरुवार

बैठक. या वेळी मला मुद्दाम पुढे बसवलं. रक्त सहाच्या वर आलं आहे. दर आठवड्याला एक औषध सलाईनमधून, असं चार वेळा द्यायचं ठरलं. इथेच द्यायचं, पुण्याची नजर ठेवून. हाडाची तपासणी टळलेली नाही, अंगात बळ आल्यावर करायची. या आजाराच्या मागे आणखी काही लपलेलं असू शकतं, असं श्रीनिधी म्हणाले. ते वाक्य मी घट्ट धरून बसलो आहे. बाकीचे विसरले असावेत.

सुमननं पदर सावरून विचारलं, "आज उद्यापन हाय. आंगोळ?"

"ऊन पाण्यानं," श्रीनिधी म्हणाले. "यापुढं कायम. देवीला चिठ्ठी लिहून देऊ का?"

"तुमी पाच जण सही करत असाल तर द्या."

सगळे हसले. मग श्रीनिधी म्हणाले, "काकांनी बर्फ घातला नसता तर आम्ही अजून हाडाच्याच मागे असतो." सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. मला बसवेना.

बैठक उठल्यावर मैत्रेयीबाईंना जिन्यात गाठलं. म्हणालो, "बर्फानं उलगडलं म्हणता. पण दोन खेपा बर्फानंच गेल्या. आणि मी मागच्या गुरुवारी बोललो असतो तर?"

त्या एक पायरी खाली होत्या, तिथेच थांबल्या. "तर तेव्हाच कळलं असतं, काका. मीही त्यांच्या बोटांकडे रोज बघत होते. माझ्याही लक्षात यायला हवं होतं." असं म्हणून गेल्या. त्यांनी माझी समजूत घातली की आपली स्वतःची, ते कळलं नाही. त्या गुरुवारी तिचं रक्त साडेपाचच्या आसपास होतं. नंतर चार पॉइंट आठ झालं.

सवाष्णी जेवून गेल्या असा गोपाळच्या बायकोचा निरोप आला. पुरण पातळ झालं होतं म्हणे.

२१ डिसेंबर, रविवार

गोपाळनं बाजारभर केलं आहे. दूध घालायला जातो तिथं तिथं सांगतो, की तात्यांनी बर्फ लावून रोग पकडला, पुण्याचे डॉक्टर चकित झाले. भेटायला आलेला प्रत्येक जण तेच म्हणतो. आज एका म्हाताऱ्यानं तर त्याच्या जावयाचं रक्त बर्फात ठेवून बघू का म्हणून विचारलं.

आणि अर्थात मासळीचंही बाहेर पडलं. सुमननं सगळे गेल्यावर काढलं.

"माझं रगत कुठं ठेवलं होतं म्हणं?"

मी हीटरची वायर सारखी करायला लागलो.

"बोलायला काय झालं? तितं तोंड बंद, इतंबी बंद."

"तीन पाण्यांनी धुतला होता."

तिनं कानटोपी ओढून कान झाकले. मग म्हणाली, "तवा बोलला असता तर मी एक दिवस रुसले असते. रुसायला माणूस ऱ्हायला तर पायजे का न्हाई."

तिचं हे बोलणं कानातून जात नाही.

संध्याकाळी गोपाळ जेवणाचा डबा घेऊन आला तेव्हा त्याला जिन्यात थांबवलं. म्हणालो, "तू दाणे बघितले होतेस. दुसऱ्या खेपंलाच. ते सांगत न्हाईस तू कुणाला."

"काय सांगायचं त्यात."

"मी तुला गप केलं ते."

"तात्या, तुमी मला ल्हानपणापासून गप करायलाव. ते सांगत बसलो तर दूध कवा घालू?" त्यानं डबा माझ्या हातात दिला. "वरण गरम हाय. झाकण उघडं ठिवू नका."

मला काहीतरी म्हणायचं होतं. तोवर तो खाली पोचला होता.

२३ डिसेंबर, मंगळवार

काल औषधाची पहिली सलाईन झाली. मध्येच अंगाला खाज सुटली, सगळे धावले, वेग कमी केला, मग ठीक झालं. माझे गुडघे अजून दुखतात, मी तेवढा वेळ उभा होतो.

खोलीत आता दिवस आहे की रात्र ते कळत नाही. खिडकीवर पोतं, दाराखाली गोधडी, हीटरचा लाल डोळा. मी बनियनवर बसतो तरी घाम येतो. दार उघडून बाहेर जावं तर गारवा आत येईल म्हणून जात नाही. वीज गेली की मी घाबरतो, आली की हीटर पेट घेईल म्हणून घाबरतो. मैत्रेयीबाई म्हणाल्या, थंडीची लाट आहे तोवर घरी सोडणार नाही. हे घर नाही आणि दवाखानाही वाटत नाही. दोन माणसं एका डब्यात बसलेली आहेत.

पारा सहावर.

२७ डिसेंबर, शनिवार

रक्त साडेसात. लघवी पिवळी.

आज जास्त लिहीत नाही. डाव्या हातानं लिहितोय, अक्षर वाकडं येतंय. दुपारी वीज गेली. हीटर बंद पडला, तेव्हा सुमननं हातमोजा काढून हात माझ्या उजव्या हातात दिला आणि झोपली. मघाशी सोडवून घ्यायला गेलो तर तिच्या बोटांची टोकं निळसर व्हायला लागली. परत धरली. आता लाल आहेत, पोरीच्या असतात तशी. वीज कधी येणार ते सिस्टरलाही माहीत नाही. हातमोजा खाटेखाली पडला आहे, तो वाकल्याशिवाय मिळणार नाही, आणि वाकलो तर ती जागी होईल.

मला लघवीला लागली आहे. बसतो.